एवढासा पार्ट आणि एवढं बिल - तुमचे अनुभव सांगा

पाऊसवेडी:
काल बाबांचं कपाट आवरत होते. खालच्या खणात एक पत्र्याचा डबा, त्यात स्क्रू, वायसर, जळके फ्यूज, आणि कागदाच्या पुडीत गुंडाळलेला एक पांढरा नायलॉनचा तुकडा. करंगळीच्या नखाएवढा, मधे भोक. हातात घेतला आणि तो आख्खा आठवडा डोळ्यापुढे आला.

आमच्या जुन्या गाडीचा गिअर एक दिवस पडेचना. दांडा नुसता लुळा, इकडून तिकडे हलतोय पण आत काहीच होत नाही. मेकॅनिकने बोनेट उघडून दाखवलं, गिअरच्या केबलच्या टोकाला एक प्लॅस्टिकचा बुश असतो तो झिजून फुटला होता, दोन तुकडे बॅटरीच्या ट्रेमधे पडलेले सापडले. बाबा म्हणाले बुश द्या. दुकानदार म्हणाला नुसता बुश येत नाही, केबलचा सेट येतो. दोन लांबलचक केबल, ब्रॅकेट, सगळं. किंमत ऐकून बाबा गप्पच झाले. मग तीन ठिकाणी फोन केले तर त्याच सेटचे तीन भाव, पहिल्यात आणि तिसऱ्यात जवळजवळ दुपटीचा फरक, आणि तिघंही छातीठोकपणे सांगतायत की ओरिजिनलच आहे. बाबांचं एकच पालुपद, "अहो एवढाच मोडलाय ना, मग एवढाच द्या की."

शेवटी त्यांनी ते तुकडे जोडून व्हर्निअरने माप घेतलं आणि लेथवाल्याकडून नायलॉनच्या रॉडमधून दोन बुश काढून आणले. एक लावला तो गाडी विकेपर्यंत टिकला. दुसरा हा, डब्यातला.

बाबा जाऊन दोन वर्षं झाली. तुमच्याकडे असं काही झालं असेल तर लिहा ना, वाचायला आवडेल.

गोगलगाय:
डबा वाचून गलबलून आलं गं. माझा अनुभव नंतर लिहिते, बाळ उठलंय.

निळी छत्री:
आरसा!!! आमच्या गाडीचा डावा आरसा कोणीतरी उडवून गेलं, नुसती काच फुटली होती हो, बाकी घर मोटर सगळं शाबूत, तर सांगितलं की पूर्ण आरसाच घ्यावा लागेल आणि जो आकडा सांगितला त्यात आधी वाटलं दोन्ही बाजूंचे आरसे धरलेत की काय, नवरा म्हणाला घेऊन टाक रोज गाडी लागते, पण मी हट्टाने दुसरीकडे विचारलं तर तिथे निम्म्याहून कमी, मग माझ्या लक्षात आलं की पहिल्याने कॅमेरावाल्या आरशाचा भाव सांगितला होता आणि आमच्या आरशाला कॅमेराच नाही. एकाच मॉडेलला चार प्रकारचे आरसे असतात, साधा, आपोआप मिटणारा, गरम होणारा, कॅमेऱ्याचा. कोणी सांगतच नाही. आणि नुसती काच पण मिळते हे सगळं उरकल्यावर कळलं, मागे चिकटपट्टी आणि क्लिपा असतात, बसवायला दहा मिनिटं.

पाना नंबर दहा:
ताई, म्हणून पहिलं वाक्य चासी नंबरचं पाहिजे. १७ अक्षरी असतो, काउंटरवर तो सांगितला की तुमच्या गाडीत कारखान्यातून काय बसून आलंय ते स्क्रीनवर दिसतं. नुसतं मॉडेल आणि साल सांगितलंत तर समोरचा अंदाजाने सांगणार आणि अंदाज नेहमी महागाकडे झुकतो कारण चुकीचा स्वस्त पार्ट परत येतो तेव्हा त्याला बोलणी बसतात. अजून एक, त्या नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतातच, एक आणि शून्याशी घोळ होऊ नये म्हणून. ओ वाटला तर तो शून्य आहे.

मी या धंद्यात आहे, स्वतःचं छोटं गॅरेज. भाव असे का उड्या मारतात ते सवडीने लिहितो, आता एक गाडी लिफ्टवर आहे.

जुना ड्रायव्हर:
आमच्या काळी हेडलाइट फुटला की सात इंची गोल दिवा मागायचा, बस. कुठल्या कंपनीची गाडी ते दुकानदार विचारायचाही नाही. अमेरिकेत १९४० मधे ते सीलबंद दिव्याचं माप ठरलं आणि पुढे कित्येक देशांतल्या गाड्यांना, जीपला, ट्रकला तोच दिवा बसायचा. सगळ्यांना एकच माल, म्हणून स्वस्त. १९८३ मधे तिकडे नियम सैल केला आणि मग प्रत्येक गाडीचे डोळे वेगळे झाले. गेल्या वर्षी मुलाच्या गाडीचा एलईडी दिवा गेला. आतली एक बारीक पट्टी लागत नाही म्हणून आख्खं युनिट बदला म्हणे, ते बदललं तर त्याला गाडीच्या कॉम्प्युटरची ओळख करून द्यावी लागते, त्याचे वेगळे पैसे. मला रात्रभर झोप आली नाही, पैसे मुलाचे होते तरी.

उंटावरची शहाणी:
काका तुमचं पटलं. आमची पुढची काच घ्या. दगड उडाला, खालच्या कोपऱ्यात तडा. काचेचा भाव सांगितला तो ठीक होता, हो म्हटलं. काच लावून झाल्यावर बिलात अजून एक ओळ, कॅलिब्रेशन. म्हणजे काचेच्या मागे वरती जो कॅमेरा असतो ना लेन बघणारा, काच बदलली की त्याची नजर पुन्हा नेमकी बसवावी लागते, समोर मोठा ठिपक्याठिपक्यांचा बोर्ड लावून. ते काम लागतंच, त्यात वाद नाही, कॅमेऱ्याची नजर किंचित हलली तरी गाडी स्वतःहून चुकीच्या जागी ब्रेक मारू शकते. पण आधी सांगा की! इन्शुरन्सला तो आकडा कळवला नव्हता त्यामुळे तिथेही पंधरा दिवस भांडले.

गोगलगाय:
उंशा तुझी कुठली कंपनी आहे इन्शुरन्सची, आमचं रिन्यूअल आलंय

उंटावरची शहाणी:
व्यनि (खाजगी निरोप) केलाय बघ

रातराणी:
बुश लेथवर काढून घेतला हे वाचून माझे आजोबा आठवले. ते शिवणयंत्राचे पार्ट असे करून घ्यायचे. त्यांच्याकडे पण असाच डबा होता, त्यात हात घालायची आम्हाला परवानगी नव्हती. आता तो डबा कुठे गेला कोण जाणे, घर विकलं तेव्हा गेला असेल.

पाऊसवेडी:
रातराणी, अगं सेम! आमच्याकडे पण डब्याला हात लावला की ओरडा बसायचा.

फिरस्ता:
माझं थोडं वेगळं. २०२१ मधे माझ्या गाडीचं एक कंट्रोल युनिट गेलं. पार्ट नाहीच. मार्चमधे जपानमधल्या 'नाका' नावाच्या मोठ्या चिप कारखान्याला आग लागली, तारीख १९, मला पाठ आहे कारण तेव्हा रोज तेच वाचत होतो. चिपांचा तुटवडा आधीच होता त्यात ही भर. आणि चारच दिवसांनी ते एव्हर गिव्हन जहाज सुएझ कालव्यात आडवं झालं, २९ ला सुटलं. माझा पार्ट यातल्या नेमक्या कशामुळे अडला ते मला कोणी सांगू शकलं नाही. पाच महिने गाडी कव्हर घालून उभी. पहिल्या महिन्यात एक भाव, तिसऱ्या महिन्यात दुसरा, आणि भंगारातून काढलेल्या वापरलेल्या युनिटला नव्यापेक्षा जास्त मागत होते कारण ते निदान हातात तरी होतं! आईला दवाखान्यात न्यायला रोज कोणाची तरी गाडी मागायची, ते दिवस नको वाटतात.

सावली:
अरेरे फिरस्ता. आई बऱ्या आहेत ना आता?

फिरस्ता:
हो हो, ठणठणीत. थँक्यू.

पाना नंबर दहा:
आलो. आता बसलोय तर सगळं लिहितो, लांबेल.

बुश वेगळा का मिळत नाही? गाडी बनवणारी कंपनी तो बुश बनवत नाही, केबल बनवणारा वेगळा, तो तयार केबल बुशसकट पाठवतो. गाडीच्या कंपनीच्या यादीत केबलला नंबर आहे, बुशला नंबरच नाही. ज्याला नंबर नाही तो विकता येत नाही. ताईंचे बाबा बरोबर म्हणत होते पण त्या दुकानदाराच्या हातात खरंच काही नव्हतं.

व्हील बेअरिंगचंही तेच झालं. पूर्वी नुसतं बेअरिंग प्रेस करून बसवायचो, आता पुष्कळ गाड्यांना हबसकट, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागासकट, युनिट येतं आणि त्यातच एबीएसची (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) चुंबकाची रिंग. किंमत वाढली हे खरं, पण बसवायला चार बोल्ट. जुन्या पद्धतीत रिंगवालं बेअरिंग चुकून उलटं बसवलं की एबीएसचा दिवा लागलाच म्हणून समजा आणि बेअरिंग वाया.

बरं, भाव बदलत राहतो त्याचं एक कारण म्हणजे पार्टचा नंबर बदलतो. शेवटचं अक्षर ए चं बी होतं, आतमधे काहीतरी सुधारलेलं असतं नाहीतर पुरवठादार बदललेला असतो, आणि नव्या नंबराला नवा भाव. जुन्या नंबरचा माल कोणाच्या रॅकवर पडून असेल तर तो जुन्या भावात देतो. म्हणून तीन दुकानांत तीन भाव, तिघंही खरं बोलत असू शकतात. दुसरं, गाडीचं उत्पादन बंद झालं की त्या पार्टचे साचे अधूनमधून काढून थोडाच माल बनवतात, वर वर्षानुवर्षं गोडाउनचं भाडं. जुन्या गाडीचा साधा प्लॅस्टिकचा ट्रिम महाग का, तर यामुळे.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, डबा बदलला की भाव बदलतो. एकाच कारखान्यातला एकच पार्ट गाडीच्या कंपनीच्या डब्यात एका भावाने आणि बनवणाऱ्याच्या स्वतःच्या डब्यात बऱ्याच कमी भावाने. कधीकधी तर गाडीच्या कंपनीचा लोगो ग्राइंडरने घासलेला दिसतो, बोट फिरवलं की खरखर लागते.

आणि जुना पार्ट काढला की त्यावरचे नंबर वाचा. मागच्या आठवड्यात एक अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारं जनित्र, आला, आवाज करत होता. गिऱ्हाइकाला दुसरीकडे पूर्ण अल्टरनेटर बदला सांगितलेलं. खोलला, बेअरिंगवर घाण पुसली तर ६३०३ कोरलेलं. ते जगभर एकच माप आहे, आत १७, बाहेर ४७, जाडी १४ मिलिमीटर. फक्त बेअरिंग चांगल्या प्रतीचं आणि दोन्ही बाजूंनी सील असलेलं घ्यायचं, ते बदललं, काम झालं.

निळी छत्री:
पाना दादा हे सगळं एवढं मन लावून लिहिलंत, खूप खूप आभार. सेव्ह केलं.

जुना ड्रायव्हर:
+१. तुमच्यासारखे मेकॅनिक जवळ असते तर.

सावली:
स्वस्ताच्या मागे लागण्याचा पण एक अनुभव लिहिते म्हणजे दुसरी बाजू येईल. ऑइल फिल्टर, नेहमीचाच डबा, नेहमीचाच रंग, पण जवळजवळ एक तृतीयांश भावात मिळाला म्हणून भावाने आणला. दोन आठवड्यांनी सकाळी गाडी सुरू केली की तीन चार सेकंद इंजिनातून खडखड. मेकॅनिकने फिल्टर कापून दोन्ही शेजारी ठेवून दाखवले. खऱ्यात आत रबराचा एक पडदा असतो, गाडी बंद असताना तेल खाली परत जाऊ न देणारा. आमच्यातला पडदा कडक झालेला, कागदासारखा वाजत होता, आणि आतली फिल्टरची घडी मोजली तर खऱ्याच्या निम्मी पण नाही. वरून डबा हुबेहूब! महाग म्हणजे लूट आणि स्वस्त म्हणजे नकली, मग सामान्य माणसाने भावावरून ओळखायचं तरी काय? मला याचा फार त्रास होतो खरंच.

रातराणी:
आमचा तर गाडीखालचा, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच चोरीला गेला रात्रीत. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियम असतं ना. २०२१ मधे रोडियम सोन्याच्या दहापटीहून महाग झालं होतं, तेव्हाचीच गोष्ट. नवीन बसवायला गेलो तर जो भाव सोमवारी सांगितला तो गुरुवारी नव्हता, धातूच्या बाजाराप्रमाणे बदलतो म्हणाले. सकाळी गाडी सुरू केली तर रणगाड्यासारखा आवाज, सगळी सोसायटी गॅलरीत.

कागदी घोडा:
वकील आहे म्हणून एक मुद्दा. बंपर, बोनेट, दिवे, आरसे हे बाहेरून दिसणारे पार्ट महाग राहण्यामागे डिझाइनचा हक्क हेही कारण असतं, जिथे तसा कायदा आहे तिथे त्या आकाराचा पार्ट दुसऱ्याला बनवताच येत नाही. जर्मनीने २०२० मधे दुरुस्तीपुरती सूट दिली, युरोपीय संघाने २०२४ मधे तसाच नियम सगळ्या सदस्य देशांसाठी केला. भारतात ऑगस्ट २०१४ मधे स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना दंड केला होता, सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना सहज मिळत नव्हती म्हणून. पुढे प्रकरण अपिलात गेलं. मॅसॅच्युसेट्समधे तर २०१२ साली लोकांनी मतदान करून दुरुस्तीचा हक्क मागितला. सांगायचा मुद्दा, तक्रार करणारे आपण एकटे नाही.

गोगलगाय:
शेवटी झोपलं. तर माझा अनुभव. दरवाजाची काच वर खाली करणारं जे असतं ते मोडलं, नवीन महाग म्हणून भंगारवाल्याकडे गेलो तर तो नुसतं काढून द्यायला तयार नाही, म्हणाला खोलायला वेळ लागतो, आख्खा दरवाजा घेऊन जा, आणि दरवाजा काचेसकट, कुलुपासकट त्या नवीन पार्टपेक्षा स्वस्त! गेली सहा वर्षं एक पिवळा दरवाजा आमच्या गॅलरीत उभा आहे. मोठी त्यावर खडूने चित्रं काढते.

उंटावरची शहाणी:
पिवळा दरवाजा किती गोड, फोटो टाक ना

वाटसरू:
पाऊसवेडी ताई, वाचनमात्र असतो पण राहवलं नाही. माझ्या गाडीला अगदी हेच झालंय, गिअर पडत नाही, बुश फुटलाय, तुकडेही सापडले नाहीत त्यामुळे माप घेता येत नाही. सेट परवडणारा नाही सध्या. तुमच्याकडचा बुश कुठल्या गाडीचा ते सांगाल का?

पाऊसवेडी:
गाडीचं नाव व्यनि केलंय, बघा.

वाटसरू:
तीच गाडी आहे ताई!! साल पण एकच.

पाना नंबर दहा:
वाटसरू भाऊ, आधी गिअरबॉक्सच्या बाजूच्या लिव्हरवर जी गोल डोक्याची पिन आहे ती मोजा, तीही झिजलेली असते. ताईंनी माप दिलं तरी आतलं भोक तुमच्या पिनेप्रमाणेच करून घ्या. ढिलं नको, पण बोटाने फिरलं पाहिजे. तोपर्यंत केबल तारेने बांधून गाडी चालवू नका.

पाऊसवेडी:
डब्यातच बाबांचा व्हर्निअर पण होता, त्यानेच मोजलं, तीनदा. बाहेरून १६, आतलं भोक १०, उंची ११ मिलिमीटर. एका बाजूला दीड मिलिमीटरची कड आहे, ती केबलच्या कडीत अडकते, ती विसरू नका. दोन्ही बाजूंनी फोटो काढून पाठवलेत, शेजारी पट्टी ठेवलीय. बुश मात्र पाठवत नाही हं, तो राहू दे माझ्याकडे. लेथवाल्याला सांगा दोन काढायला.