फाळक्यांना कृष्ण दिसला, तुम्हाला काय दिसलं?

त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१०च्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक मूकपट पाहिला. पडद्यावर येशू चालत होता आणि त्यांच्या मनात मात्र गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती, असं त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवलंय. तिथून १९१३चा 'राजा हरिश्चंद्र'.

हे सगळ्यांना ठाऊक असतं. मला मौज वाटते ती पुढच्या भागाची. हरिश्चंद्र तारामतीवर तलवार उगारतो आणि शंकर प्रकट होऊन त्याला थांबवतो. आमच्याकडे ही गोष्ट निघाली की आजी भाकरी थापता थापता म्हणायची, "हा तर आपला मोरिया डोंगर." बायबलमध्ये अब्राहाम आपल्या मुलावर, इसहाकावर सुरी उगारतो आणि देवदूत हाक मारतो, तो प्रसंग. आजी शाळेत गेली नव्हती आणि सिनेमाला तर मुळीच नाही. फाळक्यांना ख्रिस्तात कृष्ण दिसला, तिला हरिश्चंद्रात अब्राहाम.

तर या धाग्यात असे अनुभव हवेत. सिनेमा, नाटक, मालिका, लहानपणी ऐकलेली गोष्ट, काहीही चालेल, फक्त ते ख्रिस्ती लोकांसाठी बनवलेलं नसावं (थोडी सूट देईन). आणि उपदेश नको. 'अमुक पात्र म्हणजे येशू' अशी गणितंही नकोत. हात पसरून उभा राहिलेला प्रत्येक हिरो क्रूसावर नसतो, बहुतेक वेळा तो फक्त गाणं म्हणत असतो. तुमच्या घरात, तुमच्या आत काय झालं ते लिहा. ख्रिस्ती नसाल तरी लिहा.

जेलरोडकर

आमचे वडील प्रेसमध्ये होते. नाशिकरोडच्या माणसाला 'प्रेस' म्हटलं की कुठली ते सांगावं लागत नाही (बाहेरच्यांसाठी: सरकारी छापखाना). निवृत्तीनंतर जेलरोडला बांधलेलं घर आणि गावाकडची सव्वा एकर, एवढीच इस्टेट. धाकटा भाऊ आखातात. तो सुट्टीवर आला आणि म्हणाला, माझ्या वाट्याचं आत्ताच करून टाका. वडिलांनी मुद्रांक आणलेसुद्धा.

त्याच आठवड्यात कालिदास नाट्यगृहात 'नटसम्राट'चा प्रयोग होता. तात्यासाहेबांचं, म्हणजे कुसुमाग्रजांचं नाटक, आणि नाशिककर ते नाशिकमध्ये बघतोय, म्हणजे अर्धं घरचंच कार्य. मी दोघांना घेऊन गेलो. आप्पासाहेब बेलवलकर सगळं मुलांना वाटून देतात, आधी मुलाकडे आणि मग मुलीकडे राहतात, तिथे चोरीचा आळ येतो आणि म्हातारा-म्हातारी घराबाहेर पडतात. माझी आई पदर तोंडाला लावून बसली होती. वडील ताठ.

परत येताना रिक्षात वडील एवढंच म्हणाले, "लूकमध्ये वाटणी घेऊन पोरगा घर सोडतो. इथं वाटणी करून बाप सोडतो."

लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय आम्ही दर वर्षी ऐकतो. उधळ्या पुत्राचा दाखला. उपासनेत तो निघाला की मी मनातून निवांत असायचो, कारण त्यातलं पाप धाकट्याचं. त्या रात्री पहिल्यांदा लक्षात आलं की त्या गोष्टीत थोरलाही आहे. शेतावरून येतो, घरात धाकटा परतल्याची वाजंत्री ऐकतो आणि दाराबाहेरच फुरंगटून उभा राहतो. बाप त्याची समजूत घालायला बाहेर येतो. पुढे थोरला आत गेला की नाही, ते येशू सांगतच नाही. गोष्ट तिथेच सोडून देतो.

मी बाहेरच उभा होतो, गेली अकरा वर्षं. आई-वडिलांची औषधं, दवाखाने, घराची पट्टी सगळं मी बघायचो आणि मनात पाई-पाईचा हिशेब ठेवायचो. धाकट्याने वाटणी मागितली म्हणून मी चिडलो नव्हतो. त्याने ती तोंड उघडून मागितली आणि मी कधी मागू शकलो नाही, म्हणून चिडलो होतो.

मुद्रांक वडिलांनी ट्रंकेत ठेवून दिले. ते गेल्यावर आम्ही दोघांनी ती ट्रंक उघडली, त्याची कथा वेगळी आहे आणि ती काही सुंदर नाही.

रामकुंडाच्या अलीकडे

१९८७. रविवारी सकाळी साडेनऊला 'रामायण'. आमची उपासना बरोबर नऊला सुरू व्हायची! पहिला महिना पाळकसाहेबांनी रिकाम्या बाकांपुढे प्रवचन केलं. दुसऱ्या महिन्यात व्यासपीठावरून कडक शब्द आले. तिसऱ्या महिन्यात उपासना साडेसातला आली आणि त्याचं कारण 'उन्हाळा' असं सांगण्यात आलं. उन्हाळा तर उन्हाळा.

पंचवटीत राहणाऱ्या माणसाला राम परका कसा वाटणार? सीतागुंफेला पाहुण्यांना आम्हीच घेऊन जायचो. टीव्ही आमच्या घरी होता, त्यामुळे आळीतली वीस-पंचवीस माणसं आमच्या खोलीत, आणि वर भिंतीवर येशूची तसबीर. काही म्हाताऱ्या हळदकुंकू घेऊन यायच्या आणि टीव्हीला वाहायच्या. एकदा घाईत एकीने तसबिरीलाही लावलं. माझ्या आईने ते पुसलं नाही.

केवटाचा भाग लागला. पाय धुऊ दिल्याशिवाय नावेत घेणार नाही म्हणतो, तो. माझे वडील खुर्चीत पुढे सरकले आणि म्हणाले, "पेत्राचं उलटं." बायबलमध्ये योहानाच्या तेराव्या अध्यायात गुरू येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो आणि पेत्र पाय मागे घेतो, माझे धुवायचे नाहीत म्हणतो. इथे नावाडी हट्ट धरतो की धुवू द्या. एकाला देवाची सेवा करायची आहे आणि दुसऱ्याला देवाकडून सेवा घेववत नाही. वडिलांना दुसरं जास्त अवघड वाटायचं. शेवटच्या आजारपणात मी त्यांना स्पंजने पुसायला लागलो की ते पाय आखडून घ्यायचे. मी म्हणायचो, "पेत्र, पाय सोडा." मग हसायचे.

अँथनी नसलेला

मी जरा वाकडं लिहितो. हिंदी सिनेमात ख्रिस्ती अर्थ शोधायला मला बोलावू नका, आधी हिंदी सिनेमातला ख्रिस्ती माणूस शोधून द्या. आमच्या लहानपणी पडद्यावर आमचा माणूस म्हणजे दारूचा गुत्ता, नाहीतर तोकडा झगा, नाहीतर "माय सन" म्हणणारा पांढऱ्या झग्यातला फादर. शाळेत मला 'ए अँथनी' म्हणायचे. माझं नाव चांगलं मराठी आहे, आडनाव निफाड तालुक्यातलं आहे आणि घरात वांग्याचं भरीत होतं.

तरी 'अमर अकबर अँथनी' मी सात वेळा पाहिला. सुरुवातीला तीन नळ्यांतून तीन मुलांचं रक्त एकाच वेळी आईला जातं, त्यावर डॉक्टर लोक पोट धरून हसतात. मीही हसतो. पण टॉकीजच्या अंधारात मी अकरा वर्षांचा होतो, शेजारी माझे दोन मित्र, एक हिंदू आणि एक मुसलमान, आणि त्या सीनला आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं होतं. चर्चमध्ये प्रभुभोजनाचा, ख्रिस्ताच्या रक्ताच्या आठवणीचा प्याला हातात येतो तेव्हा आजही ते आठवतं. का, ते मला सांगता येणार नाही. आलं ते लिहिलं.

धागाकर्ती

जेलरोडकर, ट्रंकेची कथा ऐकायला आवडेल, घाई नाही. अँथनी नसलेला, सात वेळा पाहणाऱ्याला तक्रारीचा पूर्ण हक्क आहे. पुढे या.

पेठ रस्ता

मी गाडीवर मशीन घेऊन फिरणारा. म्हणजे पूर्वी. प्रोजेक्टर, जनरेटर, दोन बांबू आणि पांढरं कापड. 'दया सागर' दाखवायचो पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यांवर. मूळ तेलुगू, १९७८चा, आपल्याकडे हिंदीत. सूट द्या, हा येशूवरचाच आहे, पण मी लिहितो ते सिनेमाबद्दल नाही.

आम्हाला शिकवलेलं असायचं की क्रूसाचा प्रसंग संपला की लाईट लावायची आणि बोलायला उभं राहायचं. एका पाड्यावर मी उभा राहिलो, तोंड उघडलं, तर पुढे बसलेली एक म्हातारी बोलली, "त्याच्या मायचं काय झालं? ती कोनाकडं ऱ्हायली?"

मी पुनरुत्थानावर बोलायच्या तयारीत होतो. चारशे वेळा तो सिनेमा पाहिलेला माणूस मी, आणि मायचा विचार केला नव्हता. मग आठवलं. योहानात आहे ते. क्रूसावरून तो आपल्या लाडक्या शिष्याला म्हणतो, ही पाहा तुझी आई. शिष्य तिला आपल्या घरी घेतो. सांगितलं. म्हातारी म्हणाली, "मंग बरं केलं." एवढंच. त्या रात्री मी भाषण केलं नाही. कापड गुंडाळलं, त्यांनी नागलीची भाकर दिली, खाल्ली.

मागाहून कळलं, तिचा एकुलता एक मुलगा द्राक्षाच्या बागेत कामाला गेला होता आणि परत आला नव्हता.

शरणपूरवाली

आमच्या तरुण संघात दर महिन्याला एक सिनेमा असतो. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा तिसरा भाग दाखवला तेव्हा नेहमीची चर्चा झाली, अंगठी म्हणजे पाप वगैरे. लेखकाला स्वतःला असली रूपकं आवडत नसत, हे मी सांगितलं तर माझ्यावरच सगळे नाराज.

मला त्यातला सॅम आठवतो, अंगठी वाहून नेणाऱ्या फ्रोडोचा सोबती. फ्रोडोला पुढे चालवत नाही. सॅम म्हणतो, तुझं ओझं मला वाहता येणार नाही, पण तुला तर उचलता येईल, आणि त्याला पाठीवर घेऊन डोंगर चढतो. मला कुरेनेकर शिमोन दिसला. शेतावरून येणारा माणूस, शिपायांनी धरला आणि खांद्यावर येशूचा क्रूस दिला. कुरेने आफ्रिकेत. इथे मी थांबले, कारण शरणपूरच्या पोरीला आफ्रिका म्हटलं की वेगळंच आठवतं.

१८५४मध्ये वसलेल्या या वसाहतीत गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं शिकायला ठेवली होती. त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरणाऱ्या डेव्हिड लिव्हिंगस्टन या मिशनरी-संशोधकाच्या तांड्यात गेला. १८७३मध्ये लिव्हिंगस्टन वारला, तेव्हा त्याचं काळीज तिथेच एका झाडाखाली पुरलं, झाडावर वेनराइटने अक्षरं कोरली आणि त्याच्या माणसांनी तो देह महिनोन्महिने चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेला. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत वेनराइट होता. नाशिकच्या शाळेतला मुलगा! या सगळ्यावर साम्राज्याची केवढी सावली आहे ते मला कळतं, त्यावर भांडायला कोणी आलं तर मी त्यांच्याच बाजूने बसेन. पण पुस्तकातला शिमोन, पडद्यावरचा सॅम आणि आमच्या बखळीतून गेलेला तो मुलगा, हे तिघं मला आता वेगळे काढता येत नाहीत.

वारकरी घरातला

ख्रिस्ती नाही, बोलावलंत म्हणून लिहितो. आधी तक्रार. त्याग, क्षमा, परत येणारा मुलगा, हे कुणाच्या मालकीचं आहे का? नाथांनी रामेश्वरासाठी आणलेली कावड तहानेल्या गाढवाला पाजली. त्यात 'तहानेल्याला पाणी दिलंत ते मलाच दिलंत' हे येशूचं वचन दिसलं म्हणून माझा एक ख्रिस्ती मित्र गहिवरला. मी म्हटलं, बाबा, आमच्या गाढवावर तुमचा शिक्का नको.

तो हसला आणि म्हणाला, रेव्हरंड टिळक तर म्हणायचे की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. पूल तुमचाच आहे, आम्ही टोल कुठे मागतोय?

आता कबुली. 'श्यामची आई' साने गुरुजींनी १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. आमच्या घरी तिची पारायणं व्हायची. आंघोळीनंतर पायाला माती लागू नये म्हणून श्याम आईला ओचे पसरायला लावतो आणि आई म्हणते, पायांना जपतोस तसं मनालाही जप. दुसऱ्या एका प्रकरणात महार म्हातारीच्या डोक्यावर मोळी चढवून द्यायला ती श्यामला पाठवते. हा मित्र मला एकदा पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी चर्चमध्ये घेऊन गेला. फादर खाली वाकून बारा जणांचे पाय धूत होते. त्यांत एक आमच्या कॉलनीतला सफाई कामगार होता. रोज मी त्याला 'ए' म्हणून हाक मारतो. बायबलमधलं मला काही आठवलं नाही, कारण ठाऊकच नव्हतं. मला आठवली ती मोळी.

दुसऱ्या दिवशी त्याचं नाव विचारलं. तो आधी घाबरला, काही चुकलं का म्हणून.

आई, इंदिरानगर

'नार्निया' सिनेमा टीव्हीवर हिंदीत लागला होता. मुलगा सात वर्षांचा. फितूर झालेल्या एडमंड या मुलाच्या बदल्यात अ‍ॅस्लान सिंह दगडी चौथऱ्यावर मरायला जातो आणि सकाळी परत येतो. संडे स्कूलची शिक्षिका असल्यामुळे मी लगेच सरसावून बसले. त्याआधीच तो म्हणाला, "परत येणार हे त्याला माहीत होतं ना? मग त्यात काय विशेष?"

वीस वर्षं शिकवतेय, असा प्रश्न कोणी टाकला नव्हता. काहीतरी सांगितलं, त्याचं समाधान झालं नाही. रात्री गेथशेमाने बागेचा भाग वाचून दाखवला, येशूचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता तो. "म्हणजे तोही घाबरलेला?" हो. "माहीत असून?" हो. तो झोपला. मला मात्र एडमंडच्या बहिणी लूसी आणि सुसान आठवत राहिल्या. सिंह रात्री एकटा निघतो तेव्हा त्या बरोबर चालतात आणि तो सांगतो, माझ्या आयाळीत हात ठेवा, म्हणजे तुम्ही सोबत आहात हे मला कळेल.

मागच्या वर्षी माझं ऑपरेशन झालं. मोठं नव्हतं. डॉक्टरांनी तीनदा सांगितलं होतं, दुपारी शुद्धीवर याल, संध्याकाळी चहा घ्याल. सगळं माहीत होतं. तरी स्ट्रेचरवर माझे दात वाजत होते. मुलगा आता माझ्यापेक्षा उंच, बोलणं कमी. तो शेजारून चालत होता आणि त्याने माझ्या केसांत हात घातला. हिरव्या टोपीखालून, अवघडून. तसाच ठेवला, वॉर्डबॉय "आता बाजूला व्हा" म्हणेपर्यंत.

त्याला तो सिंह आठवत होता की नाही, मी अजून विचारलेलं नाही.