नागपुरात डिझेल गाडी कोण चालवतं आणि का? आपापले अनुभव लिहा

१ एप्रिल २०२० ला बीएस-६ म्हणजे गाड्यांच्या धुराचे नवे कडक नियम लागू झाले, मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या, आणि डिझेलचे दिवस भरले असं जो तो म्हणू लागला. छोट्या गाड्यांपुरतं ते खरंही ठरलं. पण वर्धा रोडवर जरा उभं राहून पाहा. स्कॉर्पिओ, क्रेटा, हॅरिअर, इनोव्हा क्रिस्टा, यांतल्या कितीतरी डिझेलच्या आहेत. सीएनजी आपल्याकडे पुण्या-मुंबईइतका सोयीचा कधी नव्हताच. गुजरातेतून टँकरने एलएनजी, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायू, आणून इथे त्याचा सीएनजी करायचा, त्यामुळे मार्च २०२२ मध्ये किलोला १२० रुपये मोजावे लागले होते, पेट्रोलपेक्षाही जास्त.

आम्हाला घरी नवी गाडी घ्यायची आहे आणि शोरूममधली उत्तरं पुरत नाहीत. म्हणून ज्यांच्याकडे नवं डिझेल आहे त्यांनी मोकळेपणाने लिहा. रनिंग किती, रस्ता कुठला, त्रास काय झाला, सगळं.

समृद्धीवरून नेहमी जाणारा

आई-वडील संभाजीनगरला. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी सुरू झाला तेव्हापासून नागपूरजवळच्या शिवमडक्याहून चढायचं हा आमचा ठरलेला रस्ता. आधी टर्बो पेट्रोल होती, आता दोन लिटरचं डिझेल आहे. फरक शंभरच्या पुढे कळतो. तिथे कारला १२० ची मर्यादा आहे, आणि पेट्रोल गाडी त्या वेगाला धरली की ॲव्हरेज झपाट्याने खाली यायचं. डिझेल टॉप गिअरमध्ये दोन हजार आरपीएमच्या आसपास निवांत चालतं. घाटात किंवा ट्रक ओलांडताना गिअर खाली टाकावा लागत नाही, टॉर्क खालपासूनच हजर. डिझेल इंजिन हवा जास्त दाबतं, त्यामुळे इंधनातून जास्त काम काढतं, शिवाय लिटरमागे डिझेलमध्ये ऊर्जाही पेट्रोलपेक्षा दहाएक टक्के जास्त. टाकी भरली की जाऊन येऊन चिंता नाही. मात्र मे महिन्यात त्या काँक्रीटवर निघण्याआधी टायर तपासा, इंजिन कोणतंही असो.

काटोलहून कळमन्याला संत्रा आणणारा

भाऊ, आपलं पोटच पिकअपवर आहे. जुनी गाडी थंडीत सकाळी चालू व्हायले वेळ घ्यायची, अन् भरून निघाली का मागे काळा धूर. नवीन कॉमन रेल इंजिनवालीत तो धूर दिसत नाही. आवाज कमी, अन् क्रेट भरले असले तरी चढावर दम सोडत नाही. २०१४ मध्ये डिझेलचे भाव मोकळे केले तेव्हापासून पेट्रोल-डिझेलमधला फरक कमी झाला, म्हणून मी काही स्वस्त पडते म्हणून डिझेल घेत नाही. ओझं ओढते म्हणून घेतो.

पण सेन्सर गेला का पान्यानं काहीच होत नाही, मशीन लावणाराच लागते. आंबिया बहाराचा माल तोडून ठेवला अन् गाडी दोन दिवस उभी राहिली, तर नुकसान कोण भरून देते? कंपन्यांनी तालुक्याच्या मेकॅनिकलेही हे काम शिकवलं पाहिजे, असं माझं म्हणणं आहे.

शिक्षिका, मनीषनगर

दीर परदेशी गेले तेव्हा त्यांची डिझेल गाडी माझ्याकडे आली. शाळा सीताबर्डीला. अंतर थोडं, सिग्नल फार. काही महिन्यांत डीपीएफचा दिवा लागला. धुराच्या वाटेवरचा तो फिल्टर काजळी अडवतो आणि ती जाळायला ५५०-६०० अंश तापमान लागतं, असं मला सर्व्हिस सेंटरला समजावून सांगितलं. बर्डीच्या गर्दीत एवढी उष्णता येणार कुठून? आता अधूनमधून रविवारी बुटीबोरीकडे जाते, वीसेक मिनिटं साठच्या वर सलग वेग ठेवते. दिवा पुन्हा लागलेला नाही.

गाडी मनापासून आवडते. पंचेचाळीस डिग्रीत एसी पूर्ण लावला तरी ओढ कमी होत नाही. तरीही शहरातल्या शहरात फिरणाऱ्या मैत्रिणींना मी डिझेल सुचवत नाही. फिल्टर साफ राहावा म्हणून डिझेल जाळत फिरणं मला पटत नाही.

हिंगणा रोडवर गॅरेज चालवतो

ताई करतात तेच बरोबर. दिवा लागल्याबरोबर मोकळ्या रस्त्यावर काढली तर बहुतेक वेळा खर्च काहीच नाही. तशीच रेटली की फिल्टर चोंदतो आणि गाडी स्वतःच ताकद कमी करते. फिल्टरमधली काजळी जळत असताना इंजिन वारंवार बंद केलं तर न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली की ऑइल बदला, वाट पाहू नका. आणि ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच घाला, साध्या ऑइलची राख त्या फिल्टरमध्ये साठत जाते.

आता इंजेक्टर, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारा भाग. त्याला डिझेल पुरवणाऱ्या नळीत, म्हणजे कॉमन रेलमध्ये, दीड-दोन हजार बार दाब असतो आणि इंजेक्टरची भोकं केसाएवढी बारीक. पाणी किंवा कचरा गेला तर खर्च हजारांत थांबत नाही. ड्रममध्ये साठवलेलं डिझेल यात घालू नका, डिझेल फिल्टर वेळेवर बदला.

ज्यांच्या गाडीत डीईएफची, म्हणजे धूर स्वच्छ करायला लागणाऱ्या युरियाच्या द्रावणाची, टाकी आहे त्यांनी सीलबंद कॅनच घ्यावा. त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया असतो. शेतातलं खत पाण्यात कालवून घातलं तर पंपापासून धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिस्टपर्यंत सगळं खराब होतं. नागपूरच्या उन्हाळ्यात कॅन डिकीत ठेवून फिरू नका, उष्णतेने तो लवकर निकामी होतो.

डीपीएफ काढून द्या म्हणणारी गिऱ्हाइकं येतात. ते काम मी करत नाही.

वाडीत राहतो

गॅरेजवाल्या दादांचे आभार. आमच्याकडे ट्रान्सपोर्टची वर्दळ, आणि मुलीला दमा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवला आहे. नव्या गाड्यांबद्दल माझी तक्रार नाही. बीएस-४ डिझेल कारला किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडची मुभा होती, बीएस-६ मध्ये ती ८० वर आली. इंधनातलं गंधकही ५० पीपीएमवरून १० वर आलं. हे सगळं त्या फिल्टरच्या आणि कॅटॅलिस्टच्या भरवशावर आहे. ते काढून टाकलं तर नव्या गाडीचा धूरही आमच्याच खिडकीत येणार.

दिल्लीची जुनी गाडी घ्यावी का, असं विचारणाऱ्यांसाठी

दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवरची तिथली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम ठेवली, त्यानंतर तिकडच्या गाड्या इकडे विकायला येऊ लागल्या. आमच्या ऑफिसात एकाने घेतली. एनओसी, इथला रोड टॅक्स, एमएच-३१ चा नंबर, हे सगळं धरल्यावर ती स्वस्त राहिली नाही. शिवाय ती बीएस-४.

हिंगणा रोडवर गॅरेज चालवतो

काटोलच्या भाऊंना एक सांगायचं राहिलं. मोबाइलला जोडता येणारा बिघाडाचा कोड वाचणारा छोटा ओबीडी स्कॅनर बाजारात मिळतो, तो गाडीतच ठेवा. दिवा लागला की कोड वाचून मेकॅनिकला फोनवर कळवायचा. गाडी तशीच कळमन्यापर्यंत आणता येईल की जागेवर उभी करायची, हे बऱ्याचदा कोडवरून सांगता येतं.