मदत हवी आहे: कुंडीतलं अंजीर पिवळं पडतंय, पानं गळतायत (अर्जंट)

सुभ्या_विश्रामबाग (१३ सप्टेंबर, रात्री १०:१२)
नमस्कार मंडळी. थेट मुद्द्यावर येतो. कुंडीत अंजीर आहे, दोन वर्षांचं. मार्चमध्ये सात फळं धरली, तीन पाखरांनी खाल्ली, चार आम्ही. आता दहा दिवस झाले, खालची पानं पिवळी पडून गळतायत आणि वरची लुळी पडलीत. जवळ गेलं की ओल्या गोणपाटासारखा वास येतो. शोधलं तर सगळीकडे 'पाणी जास्त झालंय' असं दिसतं, पण मी पाणी फारसं घालतच नाही. खत घालून झालं, फवारणी करून झाली, फरक शून्य. लेक रोज सकाळी उरलेली पानं मोजून शाळेला जाते. काय करू? उद्या सुट्टी आहे, उद्याच करून टाकायचंय.

गच्चीवरची (१०:३१)
कुंडी केवढी? मातीची की प्लास्टिकची? खाली भोक आहे का, ताटली आहे का? माती कुठली? ऊन किती तास? कसलं खत, कसली फवारणी? आणि 'फारसं घालत नाही' म्हणजे नेमकं किती? फोटो टाका, त्याशिवाय आम्ही इथून काय बघणार?

तासगावकर_बागवाला (१०:४४)
मूळकूज हाय, फोटो कशाला पायजे. ट्रायकोडर्मा आणा, शेणखतात मुरवा आणि बुडाला घाला. आमच्या द्राक्षबागेत आम्ही हेच करतो. बाकी काय बी करू नका.

नाना_मिरज (११:०२)
अंजीर म्हणजे उंबराचंच भावंड. ते दाराशी, कुंडीत कोंडून ठेवायचं झाड नव्हे. आमच्या वडिलांनी औदुंबरला दत्तदर्शनाला जाऊन आल्यावर परसात उंबर लावला होता, त्याला आयुष्यात कुणी तांब्याभर पाणी घातलं नाही. अजून उभा आहे. २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा बुंधा चार दिवस पाण्यात होता, तरी काही झालं नाही. जमिनीत लावा, आपोआप सुधारेल.

सुभ्या_विश्रामबाग (११:१०)
नाना, मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. जमीन कुठून आणू?

गच्चीवरची, घ्या: प्लास्टिकची कुंडी, १४ इंची. भोक आहे, खाली ताटली आहे. ताटलीत थोडं पाणी असतं, ते कायमच असतं. माती एक नंबर आहे, वाळव्याला मामांच्या उसाच्या रानातली काळी माती. १९:१९:१९ दोन चमचे टाकलं. फवारणी दुकानदारानं दिलेल्या निळसर पावडरीची. पाणी आठवड्यातून एकदा, एक मग. फोटो उद्या.

तासगावकर_बागवाला (११:१८)
निळसर पावडर म्हंजे कॉपरचं बुरशीनाशक असणार. मग ट्रायकोडर्मा लगेच नको, १०-१२ दिवस थांबा. ट्रायकोडर्मा सुद्धा बुरशीच हाय की ओ. बुरशीनाशकाला आपली कुठली आन् दुसऱ्याची कुठली ते कळत नसतंय.

पेठेतली_सून (११:२५)
माझ्या कढीपत्त्याची पण पानं पिवळी पडतायत. इथेच विचारू की नवीन धागा काढू?

अर्धवट_माळी (११:४०)
आठवड्याला एक मग? १४ इंची कुंडीला? हे पाणी जास्त नाही, कमी झालंय. सरळ एक बादली ओता, सकाळपर्यंत पानं उभी राहतील. गॅरंटी.

मातीतला_माणूस (१४ सप्टेंबर, सकाळी ६:५०)
कृपा करून बादली ओतू नका. पाणी कमी पडलं तरी पान लुळं होतं आणि जास्त झालं तरी लुळंच होतं, इथेच निम्मी लोकं फसतात. मुळांना श्वास घ्यायला हवा लागते. मातीतल्या पोकळ्यांत पाणी भरून राहिलं की हवेला जागा उरत नाही, मुळं गुदमरतात आणि गुदमरलेलं मूळ पाणी वर ओढत नाही. झाड पाण्यात उभं राहून तहानेलं होतं. तुम्ही ते बघून अजून पाणी घालता. फरक ओळखायचा तो माती बघून. तहानेल्या झाडाची माती कोरडी, कुंडीपासून सुटलेली असते आणि पानाची कड करपून कुरकुरीत होते. इथे वास येतोय, ताटलीत पाणी आहे, खालची पानं पिवळी आहेत. बोटाची दोन पेरं मातीत खुपसा आणि काय लागतं ते सांगा.

आणि 'माती एक नंबर' हे विसरा. काळी माती शेतात एक नंबर. कुंडीत ती ओली झाली की लोणी आणि वाळली की वीट.

अर्धवट_माळी (७:१५)
मी मोगऱ्याला काळीच माती वापरतो. पंधरा वर्षं. तुम्ही पुस्तकं वाचा.

गच्चीवरची (७:३२)
मोगऱ्यावर नवीन धागा काढा बाई/भाऊ जे असाल ते. सुभ्या, आणखी एक करा. खोडाची साल नखानं जराशी खरवडा. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे, तपकिरी आणि कोरडं असलं तर तेवढी फांदी गेली. शेंड्याकडून सुरू करून खाली या. चीक हाताला लागू देऊ नका, लागला तर उन्हात जायच्या आधी धुवा. मी साताऱ्यात गच्चीवर छाटणी केली होती उघड्या हातांनी, मनगटावरचे काळे डाग दोन महिने मिरवले.

सुभ्या_विश्रामबाग (९:०५)
फोटो टाकलेत, तीन आहेत. बोट घातलं, पार ओला चिखल. साल खरवडली: दोन फांद्यांचे शेंडे तपकिरी, बाकी हिरवं. पान तोडल्यावर पांढरा चीक आला. म्हणजे वाचेल ना? मातीवर पांढरं काहीतरी आलंय, ती बुरशी का?

केतकी_क (९:२०)
विषयांतर होतंय, पण अंजिरात किडा असतो म्हणून ते शाकाहारी नसतं हे खरं का? सासूबाईंनी चातुर्मासात बंद केलंय.

सासवडी_गडी (९:४१)
केतकीताई, सासूबाईंना निर्धास्त खायला सांगा. उंबरात किडे दिसतात, कारण उंबराला परागीकरणाला ती बारकी माशी लागते. आपल्याकडचं पुना जातीचं अंजीर परागीकरणाशिवाय धरतं, त्याला माशीची गरजच नाही. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, उगाच नाही.

सुभ्या, थोडी पानगळ अंजीर करतंच. आमच्याकडे बहार धरायला पाणी तोडून आम्हीच पानं गाळतो. खट्ट्या बहाराची फळं डिसेंबर-जानेवारीत येतात, मिठ्ठ्याची उन्हाळ्यात. तुमची मार्चमधली चार फळं गोड लागली असणार. पण सप्टेंबरात चिखलात पान लुळं पडतंय ती पानगळ नव्हे. पानामागे तांबूस भुकटीचे ठिपके आहेत का बघा, पावसाळ्यात तांबेरा येतो.

सुभ्या_विश्रामबाग (९:५०)
ठिपके नाहीत. फळं गोड होती, लेक म्हणते साखर घातली होती का.

मातीतला_माणूस (१०:०२)
ते पांढरं बुरशी नाही. फोटो मोठा करून बघितला. कुंडीच्या काठालाही तसाच थर आहे. तो क्षार आहे. वाळवा, मिरज, पलीकडे शिरोळ, या पट्ट्यात उसाला पाटाचं पाणी सोडत राहून रानं क्षारपड झाली, तिथं उन्हाळ्यात जमिनीवर असाच पांढरा फुलोरा येतो. तुम्ही कुंडीत अख्खं क्षारपड रान तयार केलंय. पण आठवड्याला एक मग पाण्यानं एवढा थर येणार नाही. तुम्ही काहीतरी सांगत नाही आहात.

सुभ्या_विश्रामबाग (१०:०८)
लपवायला काय आहे यात? मी म्हटलं ना, एक मग.

गच्चीवरची (१०:१५)
दुसऱ्या फोटोत कुंडीच्या मागे पांढरी बारीक नळी दिसतेय. ती कसली?

सुभ्या_विश्रामबाग (१०:१९)
ती आरओची, पाणी शुद्ध करायच्या मशीनची. किचनच्या खिडकीतून बाल्कनीत काढलीय. मशीनचं वाया जाणारं पाणी बाबांनी मे महिन्यात झाडाला सोडलं, टंचाई होती म्हणून. पण ते काही मी घालत नाही.

तासगावकर_बागवाला (१०:२१)
हात्तिच्या मारी! 😂 मी घालत नाय म्हंजे काय, झाडाला काय माहीत कुणी घातलं ते.

गच्चीवरची (१०:३०)
घरात पिण्या-स्वयंपाकाला दिवसाला दहा लिटर भरत असाल तर बाहेर पडणारं पाणी वीस-तीस लिटर. एका लिटरमागे दोन-तीन लिटर फेकतं ते मशीन. मे ते सप्टेंबर, रोज, एका कुंडीत. आणि गाळून बाहेर टाकलेले सगळे क्षार त्याच पाण्यात. त्यावर तुम्ही १९:१९:१९ घातलंत, म्हणजे वरून मीठच.

आधी नळी काढा. मग बाकीचं बोलू.

नाना_मिरज (१०:४०)
वडीलधाऱ्यांनी पाणी वाचवायला केलं, त्यांना दोष देऊ नये.

सुभ्या_विश्रामबाग (१०:४४)
दोष कोण देतंय नाना. बाबा शेजारीच बसून वाचतायत. नळी काढली, बादलीत सोडली. आता पुढचं सांगा, दुकानं दुपारी बंद होतील.

मातीतला_माणूस (११:०५)
अंजीर क्षार बऱ्यापैकी सोसतं. त्याला मारतोय तो चिखल. म्हणून नुसती नळी काढून भागणार नाही, ती माती महिनाभर वाळायची नाही. झाड बाहेर काढा. मातीचा गठ्ठा हातानं मोकळा करा, पाण्याच्या बारीक धारेनं धुवा. चांगलं मूळ फिकं आणि घट्ट असतं. कुजलेलं काळं, मऊ. तेवढं कात्रीनं कापा, कात्री आधी स्पिरिटनं पुसा. नवीन माती: दोन घमेली लाल माती किंवा पोयटा, एक घमेलं जाड वाळू, अर्धं घमेलं जुनं कुजलेलं शेणखत. कोकोपीट यावेळी नको, ते पाणी धरून ठेवतं. कुंडी आहे तीच किंवा एक माप लहान. मोठी अजिबात नको. मुळं थोडी आणि माती जास्त असली की ती जास्तीची माती ओलीच राहते.

अर्धवट_माळी (११:१२)
तळाला चार इंच विटांचे तुकडे घालायला विसरू नका, निचरा होतो.

मातीतला_माणूस (११:१६)
होत नाही. बारीक मातीखाली जाड तुकडे ठेवले की पाणी मातीतच अडतं, ती माती पूर्ण भिजल्याशिवाय खाली उतरत नाही. म्हणजे ओला थर चार इंच वर सरकतो, मुळांच्या अजून जवळ. भोकावर एक खापरी ठेवा, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरती. बस.

अर्धवट_माळी (११:२०)
आमच्या आजीपासून घालतात.

तासगावकर_बागवाला (११:२४)
दोघं बी गप बसा जरा. आमच्या रानात पुराचं पाणी सहा दिवस उभं राहिलं तेव्हा वेली पाण्यानं मेल्या नाहीत, हवेवाचून मेल्या. ज्या सरीला निचरा होता ती वाचली. सुभ्याभाऊ, माझ्याकडनं एकच. मुळं कापली तर वरचा भार बी कमी करा, एक तृतीयांश छाटा. आणि छाटलेल्या फांद्या फेकू नका. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब, तीन-चार डोळे असलेल्या कांड्या वाळूमिश्रित मातीत सावलीत लावा. अंजीर फांदीनं सहज लागतंय. आई गेली तर लेकरं राहतील.

सुभ्या_विश्रामबाग (सायंकाळी ५:५०)
झालं. लिहितो नीट, कारण सकाळी अर्धवट लिहून तुम्हा सगळ्यांचा वेळ घेतला.

कुंडी आडवी केली, बाबांनी कुंडी धरली, मी बुंधा. सुटेना. कडेनं खुरपं फिरवलं तेव्हा 'फच्च' असा आवाज होऊन गठ्ठा आला आणि गटाराचा वास सगळ्या बाल्कनीत. वरची माती काळी, पण तळाची चार बोटं चक्क निळसर राखाडी. भोक मुळांनी आणि गाळानं बुजलं होतं, सळई घालून मोकळं करावं लागलं. खालची मुळं बोटात धरली की साल पायमोज्यासारखी निघून येत होती आणि आत नुसता दोरा उरत होता. तळाची जवळपास सगळी तशीच. वरच्या थरात मात्र फिकी, कडक मुळं सापडली, मूठभर. एका टोकाला पांढरं नवं मूळ होतं, लेकीनं दाखवलं, मी ते कापणारच होतो.

माती सांगितल्याप्रमाणे. विटा घातल्या नाहीत, एक खापरी ठेवली. फांद्या छाटल्या, सहा कांड्या लावल्या. आता पाणी किती?

गच्चीवरची (६:१५)
आज माती बसवण्यापुरतं एकदा, खालून वाहीपर्यंत. ताटली काढून टाका, कुंडी दोन विटांवर ठेवा. मग बोट घालून दोन पेरं कोरडं लागलं तरच, आणि साधं नळाचं. दहा-पंधरा दिवस थेट ऊन नको, उजेड हवा. नवीन फूट येईपर्यंत खत नाही, फवारणी नाही, टॉनिक नाही. उरलेली पानं गळली तरी घाबरून काही घालायचं नाही. हेच सगळ्यात अवघड असतं.

नाना_मिरज (६:४०)
गुरुवारी एक तांब्या दूध घालावं.

गच्चीवरची (६:४१)
नाना!! नको.

सुभ्या_विश्रामबाग (७ ऑक्टोबर, रात्री ९:३०)
अपडेट. राहिलेली पाच पानंही गळली. बारा-तेरा दिवस नुसता दांडा उभा होता. येणारा-जाणारा 'वाळलं की हो' म्हणायचा आणि बाबा गुपचूप तांब्या घेऊन निघायचे, त्यांना दोनदा अडवलं. परवा बुंध्यापासून वीतभर वर डोळा फुगलेला दिसला, ज्वारीच्या दाण्याएवढा. आज त्यातून दुमडलेलं पान बाहेर आलंय. अजून दोन डोळे हिरवे झालेत. शेंड्याची एक फांदी मात्र मेली. कांड्यांपैकी दोन कुजल्या, चार हिरव्या आहेत.

आरओचं पाणी आता फरशी पुसायला आणि संडासाला जातं. बाबांनी तिथं दोन बादल्या लावल्यात आणि भरली की हाक मारतात.

तासगावकर_बागवाला (९:४२)
मेलेली फांदी हिरव्यापर्यंत कापा. आता ट्रायकोडर्मा चालंल.

सासवडी_गडी (९:५५)
यंदा फळाची आशा धरू नका. धरलंच तर खुडून टाका, झाडाला मुळं करू द्या.

सुभ्या_विश्रामबाग (१०:०१)
ते लेकीला तुम्ही सांगा.

पेठेतली_सून (१०:२०)
माझ्या कढीपत्त्याचं राहिलंच. त्याला पण आरओचंच पाणी जातंय हो.