एकाच पाण्यावर हीटिंग आणि कूलिंग: सहा झोन करावेत का?

जास्वंद
न्यू जर्सीतलं दुमजली घर, २२०० चौ. फूट, खाली बेसमेंट. मागे ६०० चौ. फुटांची खोली वाढवतोय, तिची स्लॅब अजून ओतायची आहे. गॅस बॉयलर काढून बाहेर एअर-टू-वॉटर हीट पंप (बाहेरच्या हवेतून उष्णता घेऊन पाणी तापवणारा, उलटा चालवला की थंड करणारा; मोनोब्लॉक, म्हणजे सगळं यंत्र एकाच बाहेरच्या पेटीत) बसेल. खोलीनिहाय हिशोब करून घेतला: हीटिंग ताशी ३६,००० बीटीयू (उष्णतेचं एकक), कूलिंग २४,०००. स्लॅबमध्ये पेक्स (प्लास्टिकचा) पाइप, बाकी खोल्यांत फॅन कॉइल (पाण्याच्या नळ्यांवरून पंख्याने हवा फिरवणारं युनिट). प्रत्येक खोलीला थर्मोस्टॅट देऊन सहा झोन (वेगवेगळे चालू-बंद होणारे भाग) करावेत असं वाटतं. बफर टाकी (जास्तीची उष्णता साठवणारी पाण्याची टाकी) टाळता येईल का? आणि उन्हाळ्यात स्लॅबमधूनच थंड पाणी फिरवलं तर?

तोटी
शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो चुकला तर फरशी ओली होते. ७५ डिग्री फॅरनहाइट आणि ५० टक्के आर्द्रतेला दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं) ५५ असतो. जुलैत तुमच्याकडे बाहेरच्या हवेचा दवबिंदू ७० च्या वर जातो. दार उघडं राहिलं की ती हवा आत. फॅन कॉइलला ४५ डिग्रीचं पाणी लागतं, तेच स्लॅबमध्ये गेलं तर फरशीवर दव धरणारच. फरशी ६६–६८ च्या खाली नेता येत नाही, आणि तेवढ्यात दमटपणा काढला जात नाही. म्हणून कूलिंग फक्त फॅन कॉइलवर. कूलिंग मोडमध्ये स्लॅबचा झोन कंट्रोलरमधूनच बंद राहील अशी वायरिंग करून घ्या, हाताच्या व्हॉल्व्हवर भिस्त नको. त्या नव्या खोलीलाही एक फॅन कॉइल लागेल, हे विसरू नका.

आता झोन. हीट पंप कमीत कमी ताशी किती बीटीयूवर चालतो ते कॅटलॉगमध्ये बघा. समजा १५,०००, आणि एकट्या बाथरूमच्या झोनची मागणी २,५००. उरलेले १२,५०० जायला जागा नाही. कॉम्प्रेसर दोन मिनिटांत बंद, पुन्हा चालू. असं वारंवार झालं की तो लवकर जातो. किमान १० मिनिटं सलग चालायला हवा असेल आणि टाकीत १० डिग्रीचा फरक चालत असेल तर: १० × १२,५०० ÷ (५०० × १०) = २५ गॅलन (५०० हा पाण्यासाठीचा ठरलेला गुणक). तेव्हा बफर टाळू नका. सहाऐवजी चार झोन करा: बाथरूम शेजारच्या बेडरूमला जोडा.

पाणवठा
स्लॅबबद्दल. खाली २ इंच एक्सपीएस (कडक इन्सुलेशनचा) फोम, आणि कडेनेही उभा फोम. कडा सोडली तर उष्णता थेट इमारतीच्या पायातून बाहेर जाते. अर्धा इंची पेक्स, ऑक्सिजन बॅरियर असलेलाच. साधा पेक्स ऑक्सिजन आत घेतो आणि लोखंडी भाग गंजतात. ९ इंच अंतराने ६०० चौ. फुटांना ८०० फूट पाइप. एक लूप (पाइपाचा एक अखंड फेरा) ३०० फुटांच्या आत हवा, त्यामुळे तीनात बसेल, पण मॅनिफोल्डपर्यंतची (सगळे लूप जिथे जोडतात त्या नळीपर्यंतची) ये-जा धरली की अगदी काठावर येतं. चार लूप, प्रत्येकी साधारण २२० फूट, करा. लांबी एकमेकांच्या १० टक्क्यांच्या आत असली की बॅलन्सिंग (सगळ्या लूपमध्ये सारखं पाणी सोडणं) सोपं जातं.

ओतण्याआधी १०० पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचं एकक) निदान ३० मिनिटं टेस्ट, आणि ओतत असताना ५०–६० पीएसआयचा दाब ठेवून गेज समोर ठेवा. फावडं लागलं तर काटा लगेच पडतो आणि काँक्रीट ओलं असतानाच दुरुस्ती होते.

फॅन कॉइलला हिवाळ्यात ११० डिग्री, स्लॅबला ९५–१०० पुरे. म्हणून स्लॅबच्या मॅनिफोल्डआधी मिक्सिंग व्हॉल्व्ह (परतीचं पाणी मिसळून तापमान कमी करणारा) आणि स्वतंत्र पंप. स्लॅबच्या थर्मोस्टॅटला रात्री कमी, सकाळी जास्त असं करू नका. तापायला तिला कित्येक तास लागतात.

जास्वंद
आभार. चार झोन पक्के. पाणी गोठू नये म्हणून ग्लायकॉल किती घालायचं आणि मुख्य पाइप केवढा?

तोटी
मोनोब्लॉकमध्ये पाणी बाहेर जातं, वीज गेली की पंपही थांबतो. ३० टक्के प्रॉपिलीन ग्लायकॉल साधारण ८ डिग्रीला गोठायला लागतं. तुमच्याकडच्या थंडीला ३५–४० टक्के ठेवा. गाडीचं कूलंट अजिबात नको. शुद्ध पाण्याने प्रवाह ७.२ जीपीएम (मिनिटाला गॅलन) येतो (३६,००० ÷ (५०० × १०); १० म्हणजे जाणाऱ्या आणि परतणाऱ्या पाण्यातला डिग्रीचा फरक), ग्लायकॉलमुळे ८ धरा. एक इंची तांब्याच्या पाइपातून तो आरामात जातो. शहराच्या पाण्याचा ऑटोफिल (दाब घटला की आपोआप पाणी भरणारा व्हॉल्व्ह) जोडू नका: गळती झाली तर ग्लायकॉल नकळत पातळ होत जातं. छोटी फीडर टाकी (तयार ग्लायकॉल मिश्रण भरणारी) लावा. पीएच वर्षातून एकदा तपासा. ७ च्या खाली गेला की बदला.

झोन व्हॉल्व्ह वापरत असाल तर पंप ईसीएम (वेग आपोआप बदलणाऱ्या मोटरचा), कॉन्स्टंट प्रेशर (दाब कायम ठेवणाऱ्या) मोडवर. एक्स्पान्शन टँक (तापून फुगलेलं पाणी सामावणारी टाकी) पंपाच्या ओढीच्या बाजूला, आणि सिस्टिममध्ये पाणी भरण्याआधीच टँकमधल्या हवेचा दाब सिस्टिमच्या थंड दाबाइतका करा, साधारण १२ पीएसआय. परतीच्या पाइपावर चुंबकाचा डर्ट सेपरेटर (गाळ पकडणारा) हवाच, नाहीतर लोखंडाचा काळा गाळ ईसीएम पंपाच्या रोटरला चिकटतो.

खटपट्या
एक गोष्ट राहिली: थंड पाण्याच्या पाइपाचं इन्सुलेशन. क्लोज्ड-सेल रबर, प्रत्येक सांधा गोंदाने बंद. व्हॉल्व्ह, पंपाचं शरीर, क्लॅम्पसुद्धा. क्लॅम्प उघडा राहिला तर तिथूनच थेंब पडतात आणि छताच्या जिप्समवर डाग येतो, मग लोक गळती शोधत बसतात. फॅन कॉइलच्या ड्रेनला फुटाला १/८ इंच उतार, आणि वरच्या मजल्यावरच्या ट्रेला फ्लोट स्विच (पाणी भरलं की युनिट बंद करणारा). भरताना प्रत्येक लूप एकेक करून पर्ज पंपाने (जोरात पाणी फिरवून हवा बाहेर काढणाऱ्या) धुवा, परतीच्या होजमधले बुडबुडे थांबेपर्यंत पुढचा लूप उघडू नका.