मदत हवी आहे: वावरातला सूर्यास्त फोटोत रिकामा का दिसतो?

नमस्कार मंडळी,

आमचं गाव दारव्ह्याकडचं, यवतमाळ जिल्हा. इकडे ना समुद्र, ना चिखलदऱ्यासारखा कडा. वावर, धुरा, धुऱ्यावर एक पळस आणि मधात लाईटच्या तारा. संध्याकाळी आभाळ असं पेटतं की हातचं काम थांबतं. पण मोबाईलवर काढलं की सूर्य टिकलीएवढा आणि खाली अर्धा फोटो काळी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं. कापसाची बंडी जाते, तीही त्या काळ्यात बुडते. बैल कुठे, चाक कुठे, काही कळत नाही.

सूर्य मधोमध नको, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरच्या ग्रिडच्या (चौकटीच्या) रेघेवर घ्या, हे वाचून करून पाहिलं. फोटो तेवढाच रिकामा, फक्त सूर्य बाजूला सरकला! फोन साधा आहे, नवा कॅमेरा घ्या हा सल्ला कृपया नको. मार्चमध्ये पळस फुलेल तेव्हा तरी धड फोटो मिळावा. कोणी सांगेल का?

प्रतिसाद १
भाऊ, ग्रिड नंतर. आधी खाली बसा. उभ्याने काढलं की बंडी जमिनीच्या काळ्यात जाते. दोन ओळींमधल्या तासात (सरीत) बसलात की ती आभाळावर उमटते. बंडी आडवी जाताना काढा, समोरून येताना दोन्ही बैल एकमेकांत मिसळतात. शिंगांमधून, चाकाच्या आऱ्यांमधून आभाळ दिसलं पाहिजे. जमीन खाली पट्टीएवढीच ठेवा. स्क्रीनवर सूर्याशेजारच्या उजळ आभाळावर बोट टेकवा आणि उजेड थोडा कमी करा.

प्रतिसाद २
सूर्य लहानच येणार. फोनचा साधा कॅमेरा आडवा साधारण 70 अंश पसारा घेतो, सूर्य जेमतेम अर्ध्या अंशाचा. त्याला मोठा करायच्या मागे लागू नका, झूम ताणला की फोटो फाटतो. त्यापेक्षा सूर्य बुडाल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा. लोक तेव्हाच घरी निघतात आणि बरेचदा रंग तेव्हाच चढतो.

पळसाचं मात्र नीट ठरवा. सूर्य रोज त्याच जागी मावळत नाही. आपल्याकडे डिसेंबरअखेर तो पश्चिमेच्या सुमारे 25 अंश दक्षिणेला मावळतो, जूनमध्ये तेवढाच उत्तरेला. 20-21 मार्चच्या आसपास बरोबर पश्चिमेला. म्हणजे तुम्ही झाडाच्या पूर्वेला उभे राहा. पण सूर्य झाडामागे घेतलात तर फुलं काळीच दिसतील, केशरी रंग येणार नाही. रंग हवा असेल तर सूर्याकडे पाठ करा, मावळायच्या अर्धा तास आधी.

धागाकर्ता
हे तर कोणी सांगितलंच नव्हतं! पळस विहिरीच्या पश्चिमेलाच आहे. विहिरीवरून पाहिलं की मधात तार येते, तिचं काय करू?

प्रतिसाद १
तार ओलांडून पुढे जा, झाडाजवळ. तार पाठीमागे राहील आणि झाडही मोठं येईल. जवळून मान वर करून काढायचं, मग पऱ्हाटीही फारशी येणार नाही.