लसीच्या दिवशी लसणाचा अर्क बंद ठेवायचा का?

मदत हवी आहे. ब्रॉयलरची बॅच आज १२ दिवसांची. खाद्यात टनामागे ५ किलो हळद पावडर, शिवाय पाण्यातून लसणाचा अर्क चालू आहे. पिल्लं चपळ आहेत, खालचं तूसही कोरडं. पण एवढ्यावरून प्रतिकारशक्ती वाढली म्हणायला मन धजत नाही.

आता गंबोरोची (पिल्लांची प्रतिकारशक्ती खच्ची करणारा विषाणूजन्य रोग) जिवंत लस पाण्यातून द्यायची आहे. क्लोरीनने लसीतला विषाणू मरतो म्हणून ते आपण आधीच थांबवतो, वर दूध पावडरही घालतो. मग लसणाच्या अर्काचं काय? तोही बंद ठेवता का, किती तास?

तुलनेसाठी एका शेडला हळद-लसूण काहीच देत नाहीये. पुढे मानमोडीच्या (राणीखेत) लसीनंतर दोन्हीकडचे एचआय टायटर (रक्तातल्या प्रतिपिंडांची पातळी) काढले तर फरक कळेल का? किती पक्ष्यांचं रक्त घ्यावं? ‘आमच्याकडे मर कमी झाली’ एवढंच नको, कसं मोजलं तेही सांगा.