आउटकमला मराठीत काय म्हणायचं? परिणाम, निष्पत्ती की गुण?

खाडीकाठ:
नेरूळमध्ये गुडघा बदलायच्या ऑपरेशनवर एक प्रॉस्पेक्टिव्ह अभ्यास (म्हणजे आधी ठरवून, पुढे पेशंटचं काय होतं ते बघत जाणारा) सुरू होतोय, त्याचं पेशंटला द्यायचं माहितीपत्रक मराठीत करायला माझ्याकडे आलंय आणि मी 'आउटकम'वर अडलेय. मी 'परिणाम' लिहिलं होतं. नियमाप्रमाणे दुसऱ्या माणसाने मूळ न बघता ते परत इंग्रजीत नेलं तर तिथे 'इफेक्ट' झालं. म्हणजे आम्ही 'तुमच्यावर होणारे परिणाम' मोजणार! सासूबाईंना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, अगं हे काय प्रयोग करतायत का माणसांवर? मला म्हणायचंय ते एवढंच की ऑपरेशननंतर माणसाचं काय झालं, दुखणं किती उरलं, जिना चढता येतो का, चांगलं वाईट दोन्ही. सुचवा.

नौपाडाकर:
निष्पत्ती. शाळांमध्ये 'अध्ययन निष्पत्ती' आता रुळलाय, सुरुवातीला आम्ही शिक्षकांनीच नाकं मुरडली होती. पोलीससुद्धा 'चौकशीत निष्पन्न झालं' म्हणतात, तेव्हा कोणाला अडत नाही. शब्द वापरला की सोपा होतो, न वापरता अवघड अवघड म्हणत बसलो तर मराठीत काही उरणारच नाही.

सिस्टर ऐरोली:
सर, फॉर्म वाचून दाखवायचं काम आम्ही करतो. निष्पत्ती म्हटलं की पेशंट नुसता माझ्या तोंडाकडे बघतो, आणि न समजता केलेली सही ती कसली संमती. मी विचारते, 'काका, गुण आला का?' लगेच सांगतात, रात्रीचा ठणका गेला पण खाली बसता येत नाही अजून. हेच मोजायचंय ना? पूर्वी एका फॉर्मवर एंडपॉइंटचं, म्हणजे अभ्यासात शेवटी जे मोजतात त्याचं, 'अंतिम टप्पा' केलेलं, साधा सांधेदुखीचा अभ्यास, एक मावशी ते वाचून रडायलाच लागल्या. आणि 'निकाल' तर चुकूनही नको, निकाल लागला म्हणजे काय ते आपल्याला माहितीये.

उपवन:
गुण येतो तो चांगलाच. अभ्यास सुरू व्हायच्या आधीच पेशंटच्या मनात भरवायचं का की बरं वाटणारच आहे? शिवाय स्कोअरलाही गुणच म्हणतो आपण. ऑक्सफर्डच्या गुडघ्याच्या प्रश्नावलीत १२ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४, म्हणजे ४८ पैकी, जास्त तितकं चांगलं. वोमॅक ही सांधेदुखीची दुसरी प्रश्नावली, तिचे २४ प्रश्न, तिथे आकडा जास्त म्हणजे त्रास जास्त. मग 'गुण वाढले' याचा अर्थ काय घ्यायचा?

नौपाडाकर:
गुण चांगलाच असतो हे मात्र मान्य नाही. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला! तिथे कुठला चांगला गुण लागलाय?

उपवन:
सर, 'लागला' आणि 'आला' यात फरक आहे. औषधाचा गुण येतो.

तलावपाळी:
फलश्रुती कसा वाटतो? अथर्वशीर्षाच्या शेवटी असते तशी, काय पदरात पडलं ते.

नौपाडाकर:
कृपया नको. फलश्रुती म्हणजे हे म्हटलं तर अमुक मिळेल असं सांगणं, मिळालेलं फळ नव्हे. पेपरवाल्यांनी तो शब्द पार वाया घालवलाय.

तलावपाळी:
मग प्रॉस्पेक्टिव्ह अभ्यासात तरी काय असतं, काय मोजणार ते आधीच सांगायचं ना :)

पामबीच:
मी अशा अभ्यासांत काम करते म्हणून सांगते. आधी सांगायचं ते काय मोजणार एवढंच, काय मिळेल ते नाही. कशाने मोजणार, कधी मोजणार, ऑपरेशनआधी, मग सहा आठवडे, तीन महिने, वर्ष, हे पहिला पेशंट घ्यायच्या आधी ठरतं. क्लिनिकल ट्रायल असेल तर सीटीआरआयमध्ये, म्हणजे भारतातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत, नोंदवावंही लागतं, १५ जून २००९ पासून सक्तीचंच आहे. नंतर जे बरं दिसलं तेच प्रमुख आउटकम होतं असं म्हणायला जागा राहू नये म्हणून. त्यामुळे माझं मत, पेशंटच्या कागदावर एक शब्द नकोच, 'ऑपरेशननंतर तुमची तब्येत कशी राहते ते आम्ही वर्षभर विचारत राहू' एवढं लिहा.
आणि खरी अडचण शब्दाची नाहीचे. वोमॅकमध्ये मोजे घालता येतात का, बाथटबमध्ये उतरता येतं का असे प्रश्न आहेत. आमच्या घणसोलीच्या आजींना मोजे कशाला हवेत? त्यांना मांडी घालून जेवायला बसायचंय, ते त्या २४ प्रश्नांत नाहीच.

घंटाळी:
प्रॉस्पेक्टिव्हला काय लिहिलंत? रेट्रोस्पेक्टिव्हला 'पूर्वलक्षी' आहे, वेतन आयोगाची थकबाकी पूर्वलक्षी प्रभावाने मिळते तोच. मग हा भविष्यलक्षी.

सिस्टर ऐरोली:
पामबीचताई, मांडीचं अगदी खरं. दुखण्याचंही तसंच, फॉर्मवर नुसतं 'वेदना' असतं. ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी. कळ येते आणि जाते, ठणका बसून राहतो.

तलावपाळी:
आमच्याकडे ठणका फक्त गळवाचा किंवा दाढेचा. गुडघ्याला आई 'ओढ लागते' म्हणायची.

खाडीकाठ:
पामबीचताई, तुमचं वाक्य घेते, पण वर 'प्रमुख आउटकम' असं शीर्षक छापलेलं आहे आणि ते काढता येणार नाही म्हणतायत. तिथे काय करू?

घंटाळी:
ओढ म्हणजे पोटरीत ना? गुडघ्यात कशी लागेल?

सिस्टर ऐरोली:
लागते हो. गुडघ्याच्या मागच्या बाजूला, लवणीत.